आधी फरशीवर, मग टॅबलेटवर

पत्र : आमची मुलगी साडेसहा वर्षांची आहे, मराठी शाळेत पहिलीत. टॅबलेट हातात आला की कार्टूनचे व्हिडिओ, दुसरं काही नाही. जवळच्या एका क्लासवाल्यांनी ‘सहाव्या वर्षापासून कोडिंग’ म्हणून वर्षभराची बरीच फी सांगितली आहे आणि ‘आत्ता नाही तर मागे पडेल’ असंही वर ऐकवलं. घरात आठ इंची अँड्रॉइड टॅबलेट आणि एक जुना लॅपटॉप आहे. आम्हा दोघांनाही प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नाही. कम्प्युटरची गोडी लागावी पण स्क्रीनचं वेड लागू नये, असं घरच्या घरी काही करता येईल का? धाकटा तीन वर्षांचा आहे, तो प्रत्येक गोष्टीत लुडबुड करतो. – एक आई, कराड

उत्तर : फी भरू नका. मागे वगैरे कुणी पडत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यावर ठेवले आहेत. तुमची लेक पहिलीत आहे. या वयात शिकवण्यासारखं जे आहे ते खडू, पुठ्ठा आणि तुमच्या त्या टॅबलेटवर होतं. तुम्हाला प्रोग्रॅमिंग येत नाही याचीही अडचण नाही. उलट, येणाऱ्या पालकांना पोरीच्या हातातून टॅबलेट काढून ‘थांब, मी दाखवतो’ म्हणण्याचा मोह होतो, तो तुम्हाला होणार नाही.

कुठलाही खेळ किंवा ॲप समोर आलं की एवढंच बघा : हुकूम कोण सोडतंय? व्हिडिओ बघताना यंत्र पोरीला खेळवतं. ‘योग्य रंगावर बोट ठेवा, तारा मिळवा’ या जातीच्या ॲपमध्येही तेच, फक्त वर शिक्षणाचं लेबल असतं. आपल्याला उलटी बाजू हवी आहे. पोरीने हुकूम सोडायचा, यंत्राने तो जसाच्या तसा पाळायचा, त्यातून भलतंच काही घडायचं, तिने हसायचं आणि हुकूम बदलायचा. कम्प्युटरची मजा या चक्रात आहे, आणि त्याची सुरुवात स्क्रीनशिवाय जास्त चांगली होते.

पहिले पंधरा दिवस : आई रोबो

घरात दोन फुटी चौकोनी फरशी असेल तर पट तयारच आहे. नसेल, किंवा शहाबादी वेड्यावाकड्या मापाची असेल, तर अंगणात खडूने दीड-दीड फुटाची पाच बाय पाच घरं आखा. जुन्या लग्नपत्रिकांची कार्डं कापा : ‘पुढे’ची १२, ‘डावीकडे वळ’ची ४, ‘उजवीकडे वळ’ची ४, ‘उचल’चं १. शब्द नकोत, स्केचपेनने बाण काढा. वळण्याचा बाण मात्र गोल काढा, सरळ आडवा नको. का ते पुढे येतंच.

एका घरात वाटीत चिक्कीचा तुकडा ठेवा. तुम्ही रोबो. समजा वाटी चार घरं पुढे आणि मग दोन घरं उजवीकडे आहे. म्हणजे ‘पुढे’ची चार कार्डं, एक ‘उजवीकडे वळ’, पुन्हा ‘पुढे’ दोन, मग ‘उचल’ : एकूण आठ. पहिल्या दिवशी एकेक कार्ड दाखवून रोबो चालवू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका वेळी तीन कार्डं. आठवड्याच्या शेवटी सगळी कार्डं आधी जमिनीवर ओळीने मांडायची, आणि रोबो निघाला की मध्ये बोलायचं नाही. खेळ खरा इथे रंगतो, कारण आता तिला न घडलेली गोष्ट डोक्यात चालवून बघावी लागते.

दोन चुका हमखास होतील.

एक, ‘उजवीकडे वळ’ म्हणजे ‘उजवीकडच्या घरात जा’ असं तिला वाटेल. रोबो फक्त जागच्या जागी गिरकी घेतो. सरकण्यासाठी वेगळं ‘पुढे’ लागतं. आडवा सरळ बाण काढला तर हा घोळ कार्डानेच केलेला असतो, म्हणून गोल बाण.

दोन, तुम्ही तिच्याकडे तोंड करून उभ्या असाल तर तुमचं उजवं ते तिचं डावं. मोठी माणसंसुद्धा इथे फसतात. सुरुवातीला तिला रोबोच्या पाठीमागे, त्याच दिशेला तोंड करून उभी करा, आणि रोबोच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधा. आठवड्याभरात ती मागे न जाता दोऱ्याकडे बघून सांगू लागेल.

तिसरी चूक तुमच्याकडून होईल आणि ती सगळ्यात वाईट. पोरगी एक कार्ड विसरली, कपाट समोर आलं, आणि तुम्ही दया येऊन आपणहून वळलात! नाही वळायचं. रोबो ठार अडाणी पाहिजे. कपाटासमोर थांबायचं आणि सपाट आवाजात म्हणायचं, ‘पुढे कपाट आहे. हुकूम पाळता येत नाही.’ ‘अगं, इथे वळायचं होतं ना?’ असं डोळ्यांनीसुद्धा सुचवायचं नाही. यंत्र मनातलं ओळखत नाही, सांगितलेलं करतं, हे तिला याच क्षणी कळणार असतं. ते तुम्ही खाऊन टाकू नका.

चूक शोधायची कशी, याची एक युक्ती. पहिल्या कार्डावर शेंगदाणा ठेवा. रोबो एक पाऊल टाकतो, पोरगी शेंगदाणा पुढच्या कार्डावर सरकवते. रोबो अडला त्या वेळी शेंगदाणा ज्या कार्डावर आहे, त्याच्या आसपास चूक असते. कम्प्युटरही आतमध्ये ‘आपण कितव्या हुकमावर आहोत’ याची अशीच खूण ठेवतो. एका वेळी एकच कार्ड बदलायचं आणि खेळ पहिल्यापासून चालवायचा. तीन कार्डं एकदम बदलली की कशाने सुधारलं ते कळत नाही. या चुकीला ‘बग’ म्हणतात एवढा शब्द सांगून टाका, मुलांना तो भयंकर आवडतो.

हे जमलं की ‘४ वेळा’ असं एक कार्ड करा. ते ‘पुढे’च्या एका कार्डावर ठेवलं की चार ‘पुढे’चं काम होतं. मग चौकोनात फिरून रोबोला मूळ जागी आणायला सांगा, प्रत्येक बाजू दोन घरांची. तशीच मांडली तर बारा कार्डं लागतात. ‘पुढे, पुढे, उजवीकडे वळ’ हा गठ्ठा रबर लावून वर ‘४ वेळा’ ठेवला तर चारच. बारावरून चारवर आल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसेल. तोच प्रोग्रॅमरचा आनंद, फरक पगाराचा.

पावसाळी दुपारसाठी दोन खेळ

गणिताची चौकटींची वही घ्या. तुमच्या वहीत आठ बाय आठ घरांत एक चित्र असेल, ते तिला दिसू द्यायचं नाही. तुम्ही ओळ वाचायची, तिने घरं काळी करायची. वाचताना नेहमी आधी पांढरी घरं किती, मग काळी किती. घराचं चित्र असं वाचलं जाईल :

पहिली ओळ : ३ पांढरी, २ काळी, ३ पांढरी.
दुसरी : २, ४, २.
तिसरी : १, ६, १.
चौथी : ०, ८.
पाचवी आणि सहावी : १, ६, १.
सातवी आणि आठवी : १, २, २, २, १.

शेवटच्या दोन ओळींत मधली दोन पांढरी म्हणजे दार. चौथ्या ओळीतलं शून्य मुद्दाम बघा : ओळ काळ्यानेच सुरू होते, पण नियम ‘आधी पांढरं’ असा आहे, म्हणून ‘शून्य पांढरी’ असं म्हणावंच लागतं. पहिलीतल्या मुलाला शून्याचा असा उपयोग सहसा भेटत नाही. फॅक्स मशिन कागदावरची प्रत्येक ओळ याच पद्धतीने तारेवरून पाठवायचं, शून्यासकट. प्रत्येक ओळीची बेरीज आठ आलीच पाहिजे. नाही आली तर सांगणाऱ्याची चूक की ऐकणाऱ्याची, यावर भांडण होईल. होऊ द्या. दुसऱ्या दिवशी चित्र तिने काढायचं आणि वाचून बाबांना सांगायचं.

दुसरा खेळ ठिपक्यांच्या पत्त्यांचा. पाच पत्त्यांवर अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ ठिपके काढा, मागची बाजू कोरी. एक ठिपक्याचा पत्ता तिच्या सगळ्यात उजव्या हाताला, मग डावीकडे वाढत जायचं. तुम्ही तिच्या शेजारी बसा, समोर नाही. समोर बसलात की क्रम तुमच्यासाठी उलटा होतो आणि दोघींचा गोंधळ उडतो. तिची बेरीज वीसच्या आत असेल तर सोळाचा पत्ता आत्ता बाजूला ठेवा. आता ‘नऊ ठिपके दाखव’ म्हणा : आठ आणि एक उघडे, बाकी पालथे. सहा : चार आणि दोन. कुठलीही संख्या एकाच प्रकारे जमते, दुसरा मार्ग नसतो. तो शोधून दाखव म्हटलं तर ती बराच वेळ गप्प बसेल.

पाचवा पत्ता आला की कॅलेंडर काढा. पाचही पत्ते उघडले की बेरीज बरोबर ३१ होते, म्हणजे महिन्यातली प्रत्येक तारीख पाच पत्त्यांत मावते. घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस असे मांडा. १९ तारीख म्हणजे १६, २ आणि १. तिच्या पुढच्या वाढदिवसाला, सातव्या, केकवर सात मेणबत्त्या नकोत. पाच ओळीने लावा आणि उजवीकडच्या तीनच पेटवा : ४, २, १. नातेवाईक विचारतील, तिला समजावू द्या. कम्प्युटरच्या आत चालू आणि बंद या दोनच गोष्टींवर आकडे कसे राहतात, हे तिने तेव्हा सांगून झालेलं असेल.

आता टॅबलेट

ॲपचं नाव स्क्रॅच ज्युनिअर. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी केलेलं, फुकट, २०१४मध्ये आलं. एमआयटीची मीडिया लॅब आणि टफ्ट्स विद्यापीठ यांनी एका लहान कंपनीबरोबर ते बनवलं. मराठी शाळेतल्या मुलीसाठी ते नेमकं का, तर त्याच्या ठोकळ्यांवर शब्दच नाहीत, चित्रं आहेत. इंग्रजी यायची वाट बघावी लागत नाही. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट बंद ठेवा. तुमचा आठ इंची टॅबलेट पुरतो. मोबाईलच्या पडद्यावर लहान बोटांनाही ठोकळे धरवत नाहीत. आणि सेटिंगमध्ये सुरक्षिततेच्या भागात ‘ॲप पिन’ करण्याची, म्हणजे एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवण्याची सोय असते, ती चालू करा, सोडताना पासवर्ड विचारण्याच्या पर्यायासकट. म्हणजे चुकून बोट लागून ती व्हिडिओकडे जाणार नाही. चुकून नसलं तरी जाणार नाही.

अधिकच्या खुणेवर बोट ठेवलं की नवा प्रकल्प उघडतो, मध्ये मांजर उभं असतं. पडदा वीस घरं रुंद आणि पंधरा घरं उंच आहे. वरचं जाळीचं बटण दाबलं की घरं दिसतात. ही तुमची फरशीच. खालच्या पट्टीत ठोकळे : पिवळे सुरुवातीचे, निळे हालचालीचे, जांभळे दिसण्याचे, हिरवे आवाजाचे, नारिंगी थांबण्याचे आणि वेगाचे, लाल शेवटचे. ठोकळा ओढून खाली टाकायचा, दुसरा त्याला चिकटवायचा. नको असेल तर ओढून परत पट्टीत. पात्र नको असेल तर त्यावर बोट दाबून धरायचं, फुली येते.

पहिले दोन दिवस काही सांगू नका, फक्त ठोकळ्यावर बोट ठेवलं की तो चालतो एवढं दाखवा. मांजराला ती उगाच फुगवेल, उड्या मारायला लावेल, गोल फिरवेल. (वळण्याच्या ठोकळ्यात १२ घातले की पूर्ण गिरकी होते, घड्याळासारखं.) कधीतरी आकड्यात ९९ घालेल आणि मांजर थांबता थांबणार नाही. लाल थांबा-बटण कुठे आहे ते तेव्हा दाखवा, आधी नको.

तिसऱ्या दिवशी एसटी करा. नवं पात्र घेऊन रंगाच्या डब्यात जा, आयत काढा, लाल भरा, खाली दोन गोल. हाताने काढलेल्या रेघेची टोकं जुळली नसतील तर आत रंग भरत नाही. ‘टॅबलेट बिघडला’ अशी तक्रार आली तर बहुतेक हेच कारण असतं. मग एसटीचे ठोकळे लावा : पिवळ्या ठोकळ्यांतला हिरवा झेंडा, उजवीकडे १०, थांब २०, उजवीकडे १०, आणि शेवटी लाल ‘पुन्हा पुन्हा’. थांबण्याचा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, म्हणजे २० घातले की गाडी थांब्यावर दोन सेकंद उभी. दहा आणि दहा मिळून वीस घरं झाली, तेवढीच पडद्याची रुंदी, म्हणून गाडी उजवीकडून बाहेर जाऊन डावीकडून आत येते आणि मूळ जागी पोचते. एका जागी १० ऐवजी ९ घालून बघू द्या. थांबा दर फेरीला एकेक घर मागे सरकत जातो. ‘का?’ याचं उत्तर देऊ नका.

मग हॉर्न. हिरव्या ठोकळ्यांत माइकचं चित्र आहे, तिथे तिचा स्वतःचा ‘पाँऽऽ’ भरता येतो. पहिल्यांदा टॅबलेट माइकची परवानगी मागेल. आजोबांच्या आवाजात ‘चला, कराड, कराड!’ भरलंत तर त्या दिवशी जेवायला उशीर होईल. हॉर्नसाठी एसटीच्याच पात्रात दुसरी, वेगळी रांग करा, तीही हिरव्या झेंड्यापासून. दोन्ही रांगा एकदम चालतात.

शेवटी थांब्यावर मांजर उभं करा. त्याला पिवळा ‘धडक’ ठोकळा आणि पुढे जांभळा ‘लपव’. एसटी टेकली की मांजर गायब, म्हणजे गाडीत बसलं. पुढच्या फेरीला थांब्यावर कुणीच नाही, आणि पोरगी तक्रार घेऊन येईल. लपवलेलं मांजर ‘दाखव’ म्हटल्याशिवाय परत येत नाही. तो ठोकळा कुठे जोडायचा यावर तिला झगडू द्या. झेंड्यानंतर जोडला तर नव्याने सुरू केल्यावर येतं. ‘लपव’नंतर थोडं थांबून जोडला तर दर फेरीला नवा प्रवासी.

इथे अडतं ते तीन ठिकाणी. ठोकळे निवडलेल्या पात्राला चिकटतात. एसटी निवडलेली असताना मांजराचे ठोकळे लावले की एसटी उड्या मारते. डाव्या बाजूला कोणतं पात्र उजळलंय ते आधी बघायचं. दुसरं, रांगेच्या सुरुवातीला पिवळा ठोकळा नसेल तर झेंडा दाबून काही होत नाही. तिसरं, लाल ठोकळ्याच्या पुढे दुसरा ठोकळा बसतच नाही, मुलं जोर लावत राहतात. आणि एक तुमच्यासाठी : प्रकल्प त्या टॅबलेटमध्येच राहतात. जागा करायला म्हणून ॲप काढून टाकलंत तर एसटी, मांजर, आजोबांचा आवाज, सगळं जातं.

आठवड्यातून तीन वेळा, वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. बंद करायच्या पाच मिनिटं आधी ‘आता शेवटचं एक चालवून दाखव’ म्हणा. नुसतं ‘बंद कर’ म्हटलं की रडारड होते, कारण ती व्हिडिओ बघत नसते, काहीतरी अर्धवट बांधत असते. ती अडली आणि तुम्हालाही येत नसेल तर एवढंच विचारा : ‘तुला काय व्हायला हवं होतं? काय झालं? कुठल्या ठोकळ्यापर्यंत बरोबर होतं?’ शेंगदाणा आठवेल तिला.

लॅपटॉपचं काय?

आधी उलटा करून बघा. खालची बाजू फुगलेली असेल किंवा टचपॅड वर उचललं गेलं असेल तर बॅटरी फुगली आहे. तो मुलांच्या हातात द्यायचा नाही, चार्जही करायचा नाही, दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा. ठीक असेल तर मुलीसाठी वेगळं, साधं खातं उघडा आणि वायरचा लहान माऊस घ्या. टचपॅडवर ओढून नेणं या वयाच्या बोटांना जमत नाही. सेटिंगमध्ये बाण मोठा करा आणि त्याचा वेग कमी. डबल-क्लिकवर मुलं हमखास चिडतात, कारण दोन दाबांच्या मध्ये माऊस हलतो. तिला शिकवा : एकदा दाबायचं, मग एंटर.

टक्स पेंट हे चित्रांचं आणि जीकॉम्प्रिस हे छोट्या खेळांचं, अशी दोन फुकट सॉफ्टवेअर टाका. टक्स पेंटच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. जीकॉम्प्रिसमध्ये पेंग्विनला मोजके हुकूम देऊन माशापर्यंत नेण्याचा एक चक्रव्यूह आहे, तो फरशीवरच्या खेळाचा सख्खा भाऊ. विंडोज १०च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी कळांनी उच्चार टाइप केला की मराठी अक्षर उमटतं) मिळतो; अक्षरं ७२च्या मापाची करून तिला स्वतःचं नाव लिहू द्या. कळ दाबून धरली की अक्षरांची माळ लागते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तोही एक खेळ आहे.

मोठं स्क्रॅच हे आठ वर्षांपासूनच्या मुलांसाठी आहे. त्याची घाई नको. ती स्क्रॅच ज्युनिअरमध्ये ‘गुण मोजायचे कसे?’ विचारू लागली आणि तिथे ते जमेना, की समजा वेळ आली.

राहिला धाकटा. त्याला रोबो करू नका, तो हुकूम पाळत नाही आणि चिक्की वाटेतच खातो. त्याच्यासाठी दुरुस्तीच्या दुकानातून एखादा मेलेला कीबोर्ड आणा, वायर कापून टाका. आधी लेकीला स्क्रू काढायला द्या. आत रबराच्या टोप्यांचा पत्रा निघेल आणि त्याखाली प्लास्टिकचे तीन पातळ थर. वरच्या-खालच्या थरावर चंदेरी रेघा, मधल्याला भोकं. कळ दाबली की त्या भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. एवढंच असतं आत. स्क्रू मोजून डबीत ठेवा, मग कीबोर्ड परत बंद करून धाकट्याला बडवायला द्या. कळांच्या टोप्या मात्र काढू नका, तीन वर्षांचं मूल त्या तोंडात घालतं. आणि चार्जर किंवा जुना डब्बा टीव्ही कधीही उघडायचा नाही, बंद असला तरी.